पुढील स्टेशन, करिअर

मे महिना उजाडला की वसई-विरारमध्ये दोन गोष्टींची टंचाई जाणवते. एक पाण्याची आणि दुसरी विजेच्या मोकळ्या खांबाची. पाण्याचं गाऱ्हाणं बारमाही आहे, खांबांचं हंगामी. नायगावपासून विरारपर्यंत, पूर्व असो की पश्चिम, जिथं म्हणून दोरी बांधायला जागा मिळेल तिथं 'दहावी-बारावीनंतर काय?' हा प्रश्न टांगलेला असतो. बॅनरचा वरचा पाऊण भाग शिबिर भरवणाऱ्या दादांचा. दादांचे हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल, मागे समर्थकांचे गोल गोल चेहरे. मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञांचा फोटो खाली कोपऱ्यात, रिक्षातून जाताना दिसणार नाही अशा बेतानं. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत : प्रवेश विनामूल्य, अल्पोपाहाराची सोय. दादांचं स्वतःचं दहावीनंतर काय झालं, हे बॅनरवर कुठं लिहिलेलं नसतं आणि ते विचारायची आपल्याकडे पद्धतही नाही.

एकट्या दादांना नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. २०११च्या जनगणनेत या शहरात बारा लाखांवर माणसं मोजली गेली. त्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे करिअर मार्गदर्शनाचा परवाना आहे, असं माझं निरीक्षण आहे. स्वतःच्या पोराचं काय करायचं हे त्याला सुधरत नाही, शेजाऱ्याच्या पोराचं काय करायचं हे मात्र पक्कं ठाऊक असतं. निकालाच्या दिवशी टक्के विचारायला नात्याची अट नसते. दूधवाला विचारतो, वॉचमन विचारतो, गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर पोचलेला माणूस धाप लागलेली असतानाही विचारतो. आणि उत्तर मिळालं की 'मग आता सायन्स ना?' एवढं म्हणून मगच सिलिंडर खाली ठेवतो.

सल्ल्याचं मुख्य केंद्र म्हणजे आपली लोकल. याला इतिहास आहे. १८६७च्या एप्रिलात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. दिवसाला एकच. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला परतीला लागायची. पुढे १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली, इंग्रज गेले, वाफेची इंजिनं गेली, २००९ साली महानगरपालिका आली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. पण सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं, हा करिअरचा जो आराखडा त्या गाडीनं आखून दिला, त्याला दीडशे वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

त्यामुळे इथं नोकरी बरी की वाईट हे पगारावर ठरत नाही, स्टेशनावर ठरतं. मुलगा अंधेरीला आहे म्हटलं की ठीक चाललंय. चर्चगेटला आहे म्हटलं की कायम नोकरी असणार, चहा ठेवा. ठाण्याला आहे म्हटलं की मुलीकडची मंडळी एकमेकांकडे बघतात, कारण एक तर दादरला गाडी बदला, नाही तर वसईहून दिव्याच्या गाडीची वाट बघत बसा. आणि 'इथंच असतो, वसईत' असं म्हटलं तर समोरचा माणूस आवाज खाली आणून, आजारी माणसाची चौकशी करावी तसा विचारतो, 'अजून कुठं लागलं नाही का?'

सकाळच्या विरार फास्टमध्ये बापाबरोबर कॉलेज बघायला निघालेला दहावीचा मुलगा सापडला, तर डब्यातल्या ग्रुपला भजनाची गरज उरत नाही. एकदा असंच झालं.

'काय रे, किती पडले?'

'अठ्ठ्याहत्तर.'

डब्यात भाईंदरची खाडी लागेपर्यंत शांतता. अठ्ठ्याहत्तर हा मार्कांमधला सगळ्यात गैरसोयीचा आकडा. ब्याण्णव पडले तर पेढे मागता येतात, पंचेचाळीस पडले तर पाठीवरून हात फिरवून 'आयटीआय कर' म्हणता येतं. अठ्ठ्याहत्तरचं काय करायचं हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नसतं.

पहिला सल्ला दारातून आला. 'सायन्सच घे. सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात.' हे सांगणारे गृहस्थ दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून दारात उभे होते, आणि पुढं बोरिवलीच्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही या विचारानं त्यांनी आत्तापासूनच पाय रोवले होते. खिडकीजवळचे म्हणाले, 'कॉमर्स घे, सीए कर. पाच वर्षं मान मोडून अभ्यास केला की पुढं बघायला नको.' यांचा स्वतःचा मुलगा सीए करत होता आणि पाच वर्षं उलटून गेली होती, हे बाकीच्या ग्रुपनं मोठ्या मनानं काढलं नाही. तिसरे म्हणाले, 'वायरमन हो. आमच्या सोसायटीत मेली एक ट्यूब बदलायला माणूस मिळत नाही.' यावर मात्र डब्यात एकमत झालं. प्लंबर, वायरमन, एसीवाला, सुतार यांना आज कसा मान आहे, कसे पैसे आहेत, ते कसे फोन उचलत नाहीत, यावर मीरा रोड ते दहिसर भरभरून चर्चा झाली. कुणीतरी विचारलं, 'मग तुमच्या धाकट्याला घालताय का?' त्यावर तिसरे म्हणाले, 'छे, त्याला आम्ही आयटीत टाकतोय.'

शेवटी एका सद्‌गृहस्थांना सुचलं. ते मुलाकडे वळून म्हणाले, 'पण तुला काय आवडतं, ते सांग की.' मुलानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात बोरिवली आली.

लोकलनं आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली आहे, ती म्हणजे रिटर्न. वसई-विरारबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नालासोपाऱ्याच्या माणसाला सकाळी चर्चगेटकडं जायचं असतं, पण विरारहून येणारी गाडी आधीच भरलेली. मग तो उलट्या दिशेची गाडी पकडतो, विरारला जातो, बसल्या जागेवरून न उठता त्याच गाडीनं परत येतो आणि आपल्याच स्टेशनवर लटकायला धडपडणाऱ्या शेजाऱ्याकडे खिडकीतून शांतपणे बघतो. बसायला जागा हवी तर आधी मागं जावं लागतं, हे आमच्या रक्तात भिनलेलं आहे. म्हणून नीटला मार्क कमी पडले आणि पोरगी म्हणाली, 'पप्पा, मी एक वर्ष ड्रॉप घेते,' तर दादरचा बाप हबकेल, आमचा हबकत नाही. त्याला वाटतं, पोरगी रिटर्न घेतेय. फरक इतकाच की रेल्वेत विरार एकाच स्टेशनाच्या अंतरावर असतं आणि गाडी परत फिरणार हे नक्की असतं. क्लासवाले तेवढी हमी देत नाहीत. पासाचे पैसे मात्र आगाऊ घेतात.

सरकारनं काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. २०१६मध्ये राज्यात दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी सुरू झाली. मुलाचा कल कुठं आहे हे सात खणांत सांगायचं : कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. अहवाल गुणपत्रिकेबरोबर हातात. कल्पना वाईट नव्हती. पंचवीस प्रकारची फुलं असलेल्या वाडीत सात कुंड्या ठेवल्यासारखं झालं इतकंच. पण निदान मार्कांच्या शेजारी मुलाच्या आवडीला कागदावर जागा मिळाली. अडचण घरी यायची. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा कल 'ललित कला' आला. घरात असं वातावरण झालं की आम्ही चौकशीला गेलो तेव्हा चपला हळूच काढल्या. आई म्हणाली, 'घरात कुणाला नाही हो तसलं काही.' दुसऱ्या एका घरात मुलाचा कल कृषीकडं निघाला. कल कृषीकडं आणि वाडी बिल्डरकडं. त्या घरी कुणी काही बोललंच नाही.

शेवटी दोघांनीही कॉमर्स घेतलं. कारण विचाराल तर कॉलेज स्टेशनच्या जवळ होतं. आता अकरावीचे प्रवेश ऑनलाइन असतात, २०२५पासून तर सगळ्या राज्यात. तरी पसंतीक्रम भरताना आई पोराच्या मागं उभी राहून एकच विचारते, 'स्टेशनपासून रिक्षा लागते का?' कल, क्षमता, आवड, सगळं शेअर रिक्षाच्या भाड्यापाशी येऊन थांबतं.

'गणवेशधारी सेवा' या खणाबद्दल मात्र मला आदर आहे. पहाटे पाचला इथल्या एखाद्या मैदानावर जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, लेखी शंभरची. ही सगळी माहिती त्यांना तोंडपाठ असते, हातात साधं घड्याळ असतं आणि दोन सेकंद कुठं गेले यावर त्यांची भांडणं चालतात. अख्ख्या शहरात आपण कशासाठी धावतोय हे नेमकं माहीत असलेली तेवढीच मंडळी. बाकीचे पळतात ते साडेआठच्या गाडीसाठी.

आता शिबिर. २०२३च्या मे-जूनमध्ये राज्याच्या कौशल्य विकास खात्यानं 'छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिर' विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत भरवलं. त्यातले सहा मतदारसंघ आपल्या पालघर जिल्ह्यातले. करिअर मतदारसंघनिहाय वाटून दिल्यावर स्थानिक मंडळींनीही हात आखडता घेतला नाही. तेव्हापासून मे महिन्यात शिबिराला न गेलेलं पोरगं सापडणं अवघड.

शिबिर सकाळी दहाचं असतं, पाहुणे साडेअकराला येतात. तोवर माइकवर 'हॅलो, हॅलो, चेक' आणि देशभक्तिपर गाणी. पाहुणे आले की हार, शाल, श्रीफळ, मग पाहुण्यांचं भाषण. वसईतलं कोणतंही भाषण चिमाजीअप्पांशिवाय सुरू होत नाही आणि शिबिर त्याला अपवाद नाही. '१७३७ साली मोहीम सुरू झाली आणि १७३९ साली किल्ला पडला. दोन वर्षं! मुलांनो, अकरावी-बारावीसुद्धा दोनच वर्षांची असते!' टाळ्या. मला हे रूपक आवडतं. त्या मोहिमेत किती माणसं कामी आली ते पाहुणे सांगत नाहीत आणि मुलांनी ते इतिहासात ऑप्शनला टाकलेलं असतं, त्यामुळे निभावून जातं.

मग तज्ज्ञ येतात. खरे तज्ज्ञ बिचारे चांगलं बोलतात. प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या, डिप्लोमा केल्यावर थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनीअरिंगला कसं जाता येतं, सगळं सांगतात. आया वहीत उतरवून घेतात. बाप पडद्यावरच्या प्रत्येक स्लाइडचा फोटो काढतात, जो ते पुन्हा कधीही उघडून बघणार नसतात. मुलं खुर्चीखाली मोबाइल धरून आपापल्या भविष्यात गर्क असतात. प्रश्नोत्तरांना सुरुवात झाली की पहिला प्रश्न एआयचा. एआय आल्यावर कॉमर्सला स्कोप राहील का, एआय आल्यावर सिव्हिलला स्कोप राहील का, आणि मागच्या रांगेतून, एआय आल्यावर क्लासची फी कमी होईल का. एक बाबा उठतात आणि प्रश्नाऐवजी स्वतःचं चरित्र सांगतात. ते संपल्यावर एक आई हळू आवाजात विचारते, 'सर, आमच्या मुलाला काहीच आवडत नाही. त्याच्यासाठी कुठला कोर्स आहे?' सभागृह हसतं. तज्ज्ञ हसत नाहीत. दिवसभरातला तो एकच खरा प्रश्न असतो आणि त्याच वेळी समोशांचे बॉक्स आत येतात.

बाहेर स्टॉल असतात. त्यातला एक बोटांच्या ठशांचा. दहाही बोटं यंत्रावर ठेवायची, पैसे भरायचे आणि मुलानं काय व्हावं याचा जाडजूड रंगीत अहवाल घ्यायचा. याला डीएमआयटी म्हणतात. बोटांच्या रेघांवरून बुद्धी किंवा व्यवसायाचा कल कळतो याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पण अहवाल चकचकीत असतो आणि त्यात प्रत्येक मुलात नेतृत्वगुण असतात. मुलगा कल्पक आहे, त्याला कौतुकाची गरज आहे, एकाग्रता थोडी वाढवावी. हे वाचून आईबाप थक्क होतात, 'अगदी आमच्या बाब्यासारखंच लिहिलंय हो!' शेजारच्या बाब्याच्या अहवालातही तेच असतं. पोलीस बोटांचे ठसे घेतात ते गुन्हा झाल्यावर. इथं आधीच घेऊन ठेवतात.

मार्गदर्शन नीट करणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२पासून आहे, तिथं मुलांच्या क्षमतांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम कित्येक वर्षं गंभीरपणे चालतं. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच संस्थेनं नव्वदच्या दशकात 'वेध' हा उपक्रम सुरू केला. तिथं मंचावर सल्ले देणारा माणूस नसतो, काम करणारा असतो. तो आपण इथवर कसे आलो, कुठं आपटलो, हे सांगतो आणि मुलं ऐकतात. ऐकतात, हे मुद्दाम सांगतोय. २०२०मध्ये राज्यानं युनिसेफच्या मदतीनं महाकरिअर पोर्टल आणलं, त्यात व्यवसायांची माहिती भरपूर आहे. म्हणजे माहितीचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो बघण्याचा. आमच्या मुलांनी दहावीपर्यंत डॉक्टर बघितलेला असतो, शिक्षक बघितलेला असतो, पोलीस आणि दुकानदार बघितलेला असतो. बाकी सगळी कामं त्यांच्या लेखी 'ऑफिसमध्ये असतात' या एका ओळीत येतात. बाप ऑफिसात नेमकं काय करतो हे सांगता येणारं एक पोरगं दाखवा, माझ्याकडून सुकेळ्यांचा पुडा बक्षीस.

नातेवाइकांकडे मात्र उदाहरणं तयार असतात. विरारच्या प्रत्येक घरात दोन. पहिलं गोविंदाचं. विरारचा छोकरा १९८६ साली 'इल्जाम'मधून पडद्यावर आला आणि पुढं देशाला नाचवलं. पण घरातलं पोरगं आरशासमोर कंबर हलवायला लागलं की लगेच पुस्ती जोडली जाते, 'अरे, त्यानं आधी वर्तक कॉलेजातून बीकॉम केलं, मग नाचला!' दुसरं पृथ्वी शॉचं. विरारहून वडिलांबरोबर किट बॅग घेऊन वांद्र्याला सरावाला जायचा आणि २०१३च्या नोव्हेंबरात हॅरिस शिल्डमध्ये ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. ती बातमी आल्यावर विरार लोकलमध्ये किट बॅगांची अशी काही गर्दी झाली की उभं राहायला जागा नाही, तिथं पॅडवाल्या पायांना कुठली मिळणार. बाप एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या खांद्यावर स्वप्न घेऊन उभे. पाचशे सेहेचाळीसनं आधी डोळे दिपतात, रोजच्या त्या प्रवासाचा हिशेब नंतर कळतो.

करिअर बदलणं हे आजच्या पिढीचं फॅड आहे, अशीही एक तक्रार असते. ती करणाऱ्यांना मी गोन्सालो गार्सियाची आठवण करून देतो. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, पुढं व्यापारात जम बसवला, मग व्यापार सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला, पुन्हा जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाला. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे आणि त्या कॉलेजातल्या पोरानं बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला विषय बदलायचा म्हटला की घरात आकांत होतो.

पण माझी खरी तक्रार पुढं आहे. 'इथंच असतो, वसईत' या वाक्याला जो शोकस्वर लागतो, तो मला पटत नाही. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून एक फेरी मारा. लेथवर उभा असलेला माणूस केसाहून बारीक फरक व्हर्नियरनं मोजतो आणि चष्मा कपाळावर चढवून 'दोन पॉइंट जास्त हाय' म्हणतो, तेव्हा आपल्याला मान खाली घालावी लागते. गाळ्याचा मालक दिवसभर रडत असतो, फिटर मिळत नाही, वेल्डर टिकत नाही. तोच मालक संध्याकाळी पोराला घेऊन शिबिरात 'एआयला स्कोप आहे का?' विचारत असतो. नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट आहेत. २०१६चं कोल्डप्ले या बँडचं ते गाजलेलं गाणं, त्यातला काही भाग आपल्या वसईच्या किल्ल्यात चित्रित झालाय. पोरं सेटवर जातात ती नटीला बघायला. प्लायवूडची हवेली दोन दिवसांत उभी करणारा सुतार, तिला दोनशे वर्षांचं जुनेपण आणणारा रंगारी, संवाद सुरू असताना श्वास रोखून बूम धरणारा मुलगा, यांच्याबरोबर कुणी सेल्फी घेत नाही.

आगाशीकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करणारी काही घरं अजून आहेत. पिकलेली केळी सोलायची, उन्हात वाळवायची, ऊन किती, दव किती, कधी उलटायची, कधी झाकायची, सगळा अंदाज हातात. वरून साखर नाही, काही नाही. मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. शेती, अन्नप्रक्रिया, हवामान, पॅकिंग आणि विक्री असे पाच विषय एका आजीच्या पदराला बांधलेले. नातू फूड टेक्नॉलॉजीच्या प्रवेशासाठी सीईटी देतो, फळातलं पाणी कमी झालं की ते का टिकतं हे इंग्रजीत पाठ करतो, आणि आजी दारात तेच करत असते तेव्हा तिच्यावरून उडी मारून क्लासला जातो.

आणि जूचंद्र. नायगावच्या पूर्वेचं हे आगरी गाव रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीत तिथली प्रदर्शनं एकदा बघा. जमिनीवर माणूस झोपलाय की काय असं वाटून पाय मागं घ्यावा, अशी व्यक्तिचित्रं. मी तिथं एका कलाकाराला काम करताना उभं राहून बघितलं. पंखे बंद, खिडक्या बंद, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. हातावरच्या घामाचा थेंब खाली पडू नये म्हणून मनगटाला रुमाल. शेजारी वाट्यांमध्ये रांगोळीत मिसळलेले लेक कलर, एकाच कातडीच्या रंगाच्या दहाबारा छटा. म्हाताऱ्याच्या गालावरची सुरकुती काढताना त्यानं चिमटीतून रांगोळी सोडली, थांबला, दुसरी छटा घेतली, थांबला, आणि मग वरून चाळणीतून इतकी बारीक धूळ पाडली की सुरकुती गालात बुडाली. कुणालातरी शिंक आली, तो माणूस नाक दाबून बाहेर पळाला. खोलीत हसू फुटलं, पण हसतानाही सगळे श्वास आवरून. छायाप्रकाश, शरीराची ठेवण, रंगांचं मिश्रण, आणि तासन्‌तास बसकण मारायची सवय, हे सगळं गावातली मुलं एकमेकांचं बघून उचलतात.

मी त्याला विचारलं, 'शिकलात कुठं?'

'इथंच,' तो म्हणाला. आवाज खाली वगैरे न आणता.

त्याचा भाचा बाजूला वाट्या धरून बसला होता. नववीतला. मी सवयीनं विचारायला गेलो, 'तू पुढं काय करणार?' पण मामानं मान वर न करता सांगितलं, 'काका, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.' इतकं नेमकं करिअर मार्गदर्शन मी कुठल्या शिबिरात ऐकलेलं नाही. ज्यानं-त्यानं दुसऱ्याचा उजेड सोडून उभं राहावं, असं मी त्याच वेळी ठरवलं.

रांगोळीवर पोट भरतं का, असा प्रश्न वाचकांच्या ओठावर आला असेल. योग्य प्रश्न आहे, माझ्याही आला होता. बहुतेकांचं नुसत्या रांगोळीवर भरत नाही, जोडीला दुसरं काम लागतंच. हेही त्या भाच्याला समोर दिसतं. मामाचं कौतुक दिसतं आणि मामाची ओढाताणही दिसते. बॅनरवरच्या शिबिरात यातलं फक्त कौतुक दाखवतात.

म्हणून तमाम काकांना, मामांना, मावश्यांना आणि सकाळच्या विरार फास्टमधल्या सगळ्या ग्रुपना माझी विनंती आहे. या मे महिन्यात एकाही पोराला सल्ला देऊ नका. त्याऐवजी घरातल्या किंवा शेजारच्या एका पोराला एक दिवस आपल्याबरोबर कामावर न्या. तुमचा कंटाळवाणा भाग आधी दाखवा. साहेबाची बोलणी कशी खातो ते दाखवा, एखादी गोष्ट नीट झाली की जेवण कसं गोड लागतं तेही दाखवा. धीर असेल तर पगाराची स्लिप दाखवा. पोरगं गाळ्यात काम बघायला आलं तर गाळेवाल्यानं त्याला चहा पाजावा आणि झाडू हातात देऊ नये. आणि पोरानं काही विचारलं तर उत्तर संपेपर्यंत बोरिवली येऊ देऊ नका.

जूचंद्रला जायचं असेल तर दिवाळीत जा. नायगावला पूर्वेला उतरायचं, पुढं रिक्षा मिळते.